रंगाऱ्याची लेक आणि अकरा मास्क

इटलीतल्या सिएना गावच्या एका मोठ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, काचेमागे एका संत बाईचं डोकं ठेवलंय. नुसतं डोकं. बाकीची ती रोमला. माझी मुलगी शेजारी उभी होती, ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "ममा, धिस इज सो क्रीपी." सौदीत इंग्रजी शाळेत वाढलेली पोर. मराठीत विचारा, इंग्रजीत उत्तर देणार. मी म्हटलं, "क्रीपी म्हणे! गप हात जोड." तिने जोडले, पण तोंड वाकडंच. मला असा राग आला की देवळात आहे म्हणून गप्प बसले.

बाहेर पायरीवर बसून सँडविच खाताना राग उतरला. तिचं तरी काय चुकलं? त्या बाईशी माझं काय नातं आहे हे मी लेकीला कधी सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं. तेच इथे लिहून काढतेय.

त्या संत बाईचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या वसईच्या घरात तिला नावाने कुणी हाक मारतच नसे. आय तिला 'रंगाऱ्याची पोर' म्हणायची, आणि असं म्हणायची की जणू आमच्या विहिरीपलीकडच्या आळीत राहते आणि आत्ता येईल दूध मागायला. आमची केळीची वाडी होती, थोडी पानवेल होती. संध्याकाळी आय पानांच्या जुड्या बांधायला बसायची आणि मी तिच्या हाताशी. तेव्हा या पोरीची गोष्ट निघायची.

"बाप कापडं रंगवायचा," आय सांगायची. "वीस-पंचवीस पोरं घरात. ही अगदी खालची. शाळा बघितली नाही, अक्षर ठाऊक नाही. लग्न कर म्हणाले, नाही म्हणाली. मग काय, घरच्यांनी तिची खोली काढून घेतली आणि भांडी घासायला बसवलं."

"मग?"

"मग काय! म्हणाली, घ्या खोली. मी डोक्यात एक खोली बांधते, ती कोण काढून घेतोय बघू."

पुढे गावात प्लेग आला. सख्खे लोक सख्ख्यांना टाकून पळाले, आणि ही त्यांना धुवायला, पाणी पाजायला गेली. एक म्हातारी होती, छातीला जखम सडलेली. ती हिला शिव्या घालायची, गावभर वाईटसाईट बोलायची, तरी ही रोज जाऊन तिची जखम धुवायची. इथवर आलं की आयचे डोळे भरायचे. पण मला आवडायचा तो भाग पुढचा. लिहिता येत नसलेली ही बाई पत्रं सांगायची आणि दुसरे लिहायचे. तीन-तीन जण एका वेळी समोर बसवून तिघांना तीन वेगळी पत्रं. राजांना, सरदारांना, आणि खुद्द पोपला. पोप तेव्हा रोम सोडून फ्रान्समध्ये जाऊन बसले होते, किती तरी वर्षं, एकामागून एक. हिने लिहिलं, घाबरू नका, मर्दासारखे उठा आणि आपल्या घरी चला. पत्रांनी भागेना, तेव्हा स्वतः गेली. पोपना तिची गावठी बोली कळेना, हिला त्यांची भाषा कळेना, मध्ये दुभाष्या. तरी बोलली. आणि पोप निघाले रोमला!

"ऐकलं त्यांनी?" मी दर वेळी विचारायची.

"ऐकतील नाही तर काय करतील!" आय म्हणायची आणि जुडीची गाठ आवळायची.

तेहेतिसाव्या वर्षी ती गेली. नर्सेस तिला आपली मानतात, हे मला मुंबईत नर्सिंगला गेल्यावर कळलं. आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात तिचं चित्र होतं. पुढे सौदीचा व्हिसा लागला तेव्हा मी तसलंच एक चित्र बॅगेत घातलं, तर आयने उचलून बाहेर काढलं. "तिथे चित्रं चालत नाहीत, बाय. कस्टमवाला काढून घेईल आणि तुलाही परत पाठवील. डोक्यात घेऊन जा."

घेऊन गेले. पण खरं सांगू? डोक्यात ती होती आणि तोंडात मी. आणि माझं तोंड घराबाहेर पडलं की मिटायचं. वाडीत मी दोन भावांना पुरून उरायची, पण मराठी शाळेतली मुलगी, इंग्रजी बोलायची वेळ आली की शब्दच सापडायचे नाहीत. सौदीतल्या जुबैलच्या त्या इस्पितळात मला सगळे गरीब गाय समजायचे. मेट्रन काही म्हणाली की 'येस मॅडम', पुढचंही 'येस मॅडम'. तीन वर्षं मी याखेरीज फारसं काही बोलले नसेन.

माझी ड्यूटी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात. तिथे कारखाने, कंत्राटदार, शिफ्टा. म्हणजे बांधकामाच्या परांचीवरून पडणारे, पाइपाखाली सापडणारे, गाडी उलटून मोडलेले. आखातातलं ते युद्ध पेटलं त्या जानेवारीत माझ्याकडे अकरा जण होते. सगळे खाटेला खिळलेले. कुणाच्या पायाला वजन लटकवलेलं, कुणाची कंबर प्लास्टरमध्ये. त्यात सर्वांत वडील होते ते रत्नागिरीकडचे. मी त्यांना चाचा म्हणायची. एका कंपनीत टायपिस्ट होते, वीस वर्षं त्यांनी कामगारांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, रजा, देश सोडायची एक्झिट यांचे अर्ज अरबीत लिहिले होते. कंपनीची पिकअप उलटली आणि दोन्ही मांड्या मोडल्या. सकाळी मी आत शिरले की त्यांचा पहिला आवाज, "काय गो पोरी, च्या पिलीस काय?" परमुलखात एवढं ऐकायला मिळालं तरी माझा दिवस सरळ जायचा.

युद्ध सुरू झालं म्हणजे काय झालं, तर टीव्हीवर नकाशे आले, खिडक्यांवर प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या आल्या, आणि सायरन आला. क्षेपणास्त्रं येतात, त्यात विषारी गॅस असेल असं सगळे बोलायचे. आम्हां स्टाफला मास्क मिळाले. कॅनव्हासच्या पिशवीत, खांद्याला लावून हिंडायचं. सायरन झाला की मास्क चढवून तळघरात जायचं, असा हुकूम. जे पेशंट चालू शकतात त्यांना न्यायचं. जे नाहीत त्यांचं काय, हे हुकमात नव्हतं.

पहिला सायरन झाला तेव्हा मी मास्क चढवून त्या अकरा जणांच्या मधोमध उभी होते. मास्कच्या काचेतून मला त्यांचे चेहरे दिसत होते. त्यांच्या नाकातोंडावर काही नव्हतं. मी दाराच्या फटीला ओले टॉवेल लावले, दुसरं काय करणार? अकराही जण माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी काही पडलं नाही, सायरन थांबला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे गेले. ती म्हणाली, मास्क कफीलमार्फत मिळतात, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर माणूस या देशात कामाला असतो त्या मालकामार्फत. प्रत्येक कफील आपल्या माणसांची यादी देतो आणि मास्क घेऊन जातो. पेशंट इस्पितळाची माणसं नव्हेत. मग मी त्यांच्या कंपन्यांना फोन लावले. अकरा माणसं, नऊ कफील. चार ठिकाणी फोन वाजत राहिला. तिघं म्हणाले, माणूस इस्पितळात आहे, इस्पितळ बघेल. एक जण जेद्दाला निघून गेला होता. शेवटचा म्हणाला, "बुकरा," म्हणजे उद्या. मी पुन्हा मेट्रनकडे. ती वाईट नव्हती हो, पण दमली होती. म्हणाली, "सिस्टर, इट इज नॉट युअर जॉब."

"येस मॅडम," मी म्हटलं. आणि वॉर्डात येऊन औषधाची ट्रॉली अशी आपटली की बाटल्या उडाल्या.

"काय झालाय गो?" चाचा म्हणाले.

मी बोलत सुटले. मराठीत, मोठ्याने, हातवारे करून. कफील, मेट्रन, युद्ध, सगळ्यांचा उद्धार केला. वॉर्डातले बाकीचे दहा जण, त्यात केरळचे, पेशावरचे, मनिलाचे, कुणाला माझं एक अक्षरही कळत नव्हतं, पण सगळे कान देऊन ऐकत होते. बोलून दमले तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "आता हेच सगळा सांग. मी अरबीत लिवतो. बड्या डॉक्टरला अर्ज करू. सौदीत बोलून काय होत नाय, कागद लागतो."

आणि मला एकदम आय दिसली, मांडीवर पानं घेऊन बसलेली. अगं, हीच तर गोष्ट! तिलाही लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि दुसरा लिहायचा. मला हसूच आलं. मी स्टूल ओढून चाचांच्या खाटेशी बसले. त्यांनी छातीवर पाट ठेवला, त्यावर कोरा कागद, आणि मी सांगायला लागले. मान खाली घालून नव्हे. मी म्हटलं, लिहा: साहेब, तुम्ही या घराचे मोठे आहात. घाबरून कुणी कुणाला टाकून जाऊ नये. ही अकरा माणसं तुमच्या छपराखाली झोपतात. त्यांचे पाय मोडलेत, श्वास मोडलेला नाही.

चाचा लिहीत गेले. मग थांबले. वीस वर्षांची सवय. अर्जाचा नमुना त्यांच्या हातात मुरलेला. "कफील कोण लिवू?"

"नऊ आहेत ना. एकही जबाबदारी घेत नाही."

"नऊ कसे चालतील? एकच लागतो. कफीलच्या नावाशिवाय कागद टेबलावर जात नाय. तो रकाना भरायलाच लागेल."

माझं डोकं आधीच तापलेलं. "मग लिहा माझं नाव!" मी म्हटलं. "मीच त्यांची कफील. खलास!"

ही बोलायची रीत झाली. रागात माणूस काय काय म्हणतो. मला वाटलं, चाचांना कळलं. मी खाली सही केली, मेट्रनला न विचारता कागद साहेबांच्या ऑफिसात देऊन आले, आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बोलावणं आलं.

इस्पितळाचे डायरेक्टर सौदी डॉक्टर होते, पिकल्या दाढीचे, कमी बोलणारे. तीन वर्षांत मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मेट्रन आधीच तिथे उभी, चेहरा पांढरा. टेबलावर चाचांच्या सुरेख अक्षरातला माझा अर्ज. साहेबांनी त्यावर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, "इथे लिहिलंय की तू या अकरा पुरुषांची कफील आहेस. हे खरं का?"

देवा रे! चाचांनी खरंच लिहिलं होतं. ज्या बाईचा स्वतःचा पासपोर्ट याच इस्पितळाच्या तिजोरीत, जिचा कफील हे इस्पितळ, ती अकरा परपुरुषांची कफील! कुणी याला थट्टा म्हणेल, कुणी सरकारी कागदावर खोटं. दोन्हींची शिक्षा एकच, पहिल्या विमानाने घरी. आणि मी गेले की त्या अकरा जणांचं नाव काढायलाही कुणी उरणार नव्हतं.

"सॉरी म्हण," मेट्रन पुटपुटली.

सॉरी म्हणायला मी तोंड उघडलंही. सॉरी मला उत्तम येत होतं. पण खरं सांगते, त्या क्षणी डोक्यातल्या खोलीत कुणीतरी उठून उभं राहिलं. ती फ्रान्समध्ये त्या महालात गेली होती, तिची बोली तिथे कुणाला कळत नव्हती, लोक हसत होते, तरी तिने सॉरी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, आता तूच काय ते बघ.

"सर," मी म्हटलं. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, ते जसं आलं तसं. "कफील म्हणजे माणसाची जबाबदारी घेतो तो. बरोबर ना, सर? त्या माणसांना पाणी लागलं की घंटी वाजते. कोण जातं? मी. त्यांचं भांडं कोण उचलतं? मी. सायरन झाला की त्यांच्याजवळ कोण असतं? नऊ कफीलांना मी फोन केला, सर. एकही आला नाही. तुम्ही सांगा, मी दुसऱ्या कुणाचं नाव लिहू?"

मेट्रनने डोळे मिटले.

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "सिस्टर, नियमाने तू कफील होऊ शकत नाहीस. हे नाव इथे चालणार नाही." त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली.

मला रडू कोसळलं. संपलं, असंच वाटलं. म्हटलं, गेला कागद, आता मीही जाते, जाऊ दे.

साहेबांचं पेन मात्र थांबलं नव्हतं. रेघेच्या वर, उजवीकडून डावीकडे, त्यांनी एक नाव लिहिलं. शिक्का उचलला आणि दाबला. मग कागद मेट्रनपुढे सरकवून म्हणाले, "आता या अकरा जणांचा कफील मी आहे. मास्क आणायला सिव्हिल डिफेन्सच्या कचेरीत आजच गाडी पाठवा. यल्ला, चला."

मी जिने कशी चढले ते आठवत नाही. वॉर्डच्या दारात उभी राहून ओरडले, "मिळाले! मास्क मिळाले!" मराठीत ओरडले, पण एकालाही भाषांतर लागलं नाही. मनिलाच्या पोराने शिट्टी घातली, पेशावरचा पठाण खाट बडवायला लागला, आणि चाचा रडत हसत होते. मी त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "चाचा, तुम्ही खरंच माझं नाव लिहिलंत? अहो, मी रागात म्हटलं होतं! मला घरी पाठवलं असतं!"

त्यांना काही कळेनाच. "तूच सांगितलंस ना गो? मी वीस वर्षांत कधी रकाना खोटा भरला नाय."

संध्याकाळी खोक्यातून अकरा मास्क आले. मी प्रत्येकाला तो चढवून, पट्टे आवळून, काढून, पुन्हा चढवून शिकवलं. कुणाचं नाक मोठं, कुणाचे कान मध्ये येत. चाचांची दाढी आड यायची. ती त्यांनी स्वतः आरसा मागून कात्रीने बारीक केली आणि म्हणाले, अल्ला नियत बघतो. त्या दिवसापासून सगळा वॉर्ड मला हाक मारायला लागला, "कफील! ओ कफील!" मेट्रनच्या देखतही. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मग तो दिवस. मी दुपारी खाली जेवणघरात होते, भाताचा दुसरा घास तोंडात, आणि सायरन. सगळ्यांच्या खुर्च्या मागे सरकल्या, सगळे तळघराकडे धावले, आणि मी उलटी, वर. दोन जिने. वॉर्डात शिरले तर दहा जणांनी आपापले मास्क चढवलेले, आणि कंबरेला प्लास्टर असलेल्या केरळच्या पोराला मागचे पट्टे घट्ट ओढता येत नव्हते. त्याचे पट्टे मी आवळले. दाराला टॉवेल लावले. मग मोजलं, एक, दोन, तीन, अकरा. अकराही तोंडं रबराची, अकराही काचेच्या डोळ्यांची, कुणी ओळखू येईना. मला इतकं समाधान वाटलं की मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून हसले.

तेव्हा पलीकडून चाचांचा आवाज आला, मास्कमधून, विहिरीतून आल्यासारखा. "कफील, तुझा कुठाय?"

मी खांद्याला हात लावला. पिशवी नव्हती. ती खाली खुर्चीला लटकत होती.

चाचांचे हात डोक्यामागे गेले. त्यांनी पट्टा सोडला. मी "नाही नाही" म्हणत त्यांच्याकडे धावले, तोवर मागे पठाणाचे हात पट्ट्यावर. मनिलाच्या पोराचे. ज्याचा मी आत्ता आवळला होता त्या केरळच्या पोराचेही. ज्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती त्या अकराही जणांचे हात एकाच वेळी आपापल्या डोक्यामागे, आणि अकराही मास्क निघून माझ्या दिशेने पुढे आलेले. वजनं लटकलेल्या पायांनी खाटेवरून जितकं वाकता येईल तितके वाकून.

"खबरदार!" मी किंचाळले. "चढवा आधी! चढवा म्हणते ना! मेल्यांनो, माझं ऐका!" मी रडत होते, शिव्या देत होते, एकाला घालावा तर दुसरा काढत होता. मराठी येत नसलं तरी मी काय म्हणतेय ते त्यांना समजत होतं, पण त्या दिवशी एकानेही माझं ऐकलं नाही. सायरन थांबेपर्यंत अकरा मास्क तसेच हवेत धरलेले होते, आणि मधोमध मी, या जगात कुणी कधी झालं नसेल इतकी श्रीमंत.